आत्याबाईंची कचेरी

सोमवारी माझी बायको वारली. बुधवारी तिची आत्या डोणगावहून मेहकर, मेहकरहून खामगाव आणि खामगावहून नांदुरा अशा एसट्या बदलत आमच्या घरी आली. त्यानंतर घरातली कुठलीही वस्तू आपल्या जागेवर राहिली नाही.

या आत्याबाईंबद्दल मी एवढं खात्रीनं सांगू शकतो, की निर्जीव वस्तूंकडून इतक्या अपेक्षा ठेवणारं दुसरं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. माणसांचं त्या चालवून घेत. माणूस दमतो, विसरतो, त्याच्या मागे शंभर लफडी असतात, असं त्यांचं मत. पण दारानं चुकायचं म्हणजे काय? "दाराले दुसरं काम तरी काय हाये?" असं त्या विचारत आणि उत्तरासाठी दाराकडे पाहत. अंगानं त्या हरभऱ्याच्या वाळलेल्या घाट्यासारख्या, हलक्या आणि आत काहीतरी खुळखुळत असल्यासारख्या. आवाज मात्र दोन वावरं ओलांडून तिसऱ्यातल्या गड्याला कामाला लावील असा. हा आवाज त्यांनी माणसावर चढवलेला, एक दिवस सोडला तर, मी कधी ऐकला नाही. तो स्टुलांवर, पातेल्यांवर आणि एकदा सबंध सकाळभर आमच्या कूलरवर चढला होता.

त्या आल्या तेव्हा बैठकीत सतरंजी घातलेली होती आणि माणसं बसलेली होती. शेजारच्या काकूंनी त्यांच्यापुढे पाण्याचा गडू केला. आत्याबाईंनी हात मागे घेतला. आमच्याकडे जुन्या माणसांत लेकीच्या सासरी अन्नपाणी घेत नाहीत. लेक दिली ते घर, त्या घरचं आपण खायचं नाही. "जवायाच्या घरचं पाणी आमी घेत नसतो," आत्याबाई म्हणाल्या. तीन एसट्यांच्या धुळीनं त्यांचे ओठ पांढरे झाले होते. काय करावं ते कोणाला सुचेना. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होत आलेली; ती कोपऱ्यात बसून कोणाची तरी चप्पल चावत होती. आत्याबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय व बाई, हे घर कोणाचं?"

मुलीनं चप्पल तोंडातून काढली आणि सांगितलं, "माजं."

त्या दिवसांत सगळंच तिचं असे. चंद्र, समोरच्यांची स्कूटर, दूधवाल्याची किटली. पण आत्याबाईंनी सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू तहसीलदारानं सही केली. "झालं तं मंग. मी जवायाकडं आलीच नाही. मी नातीच्या घरी आली." मग पदर डोक्यावर नीट घेऊन त्यांनी अदबीनं विचारलं, "मालकीणबाई, पाणी पिऊ काय?" मालकीणबाईंनी मान हलवली आणि चप्पल पुन्हा तोंडात घातली.

आम्ही दोघांनी पुष्कळ पुस्तकं चाळून मुलीचं एक नाव ठेवलं होतं. आत्याबाईंनी ते एकदा उच्चारून पाहिलं, जीभ कुठेतरी अडकल्यासारखी केली आणि सोडून दिलं. त्यानंतर त्या तिला मालकीण म्हणत. आणि हे नुसतं म्हणणं नव्हतं. ताट वाढून घेतलं की त्या मुलीपुढे धरत, "जेवू काय व?" असं विचारत, आणि मुलीनं ताटावर हात ठेवला की पहिला घास घेत. तो हात कधी मातीचा असे, कधी काजळाचा. एकदा तर नुकताच गुळात बुडवून आणलेला होता. एके दिवशी मालकीणबाईंचं काहीतरी बिनसलं आणि त्यांनी "नाय" म्हटलं. म्हटलं ते म्हटलं आणि लगेच झोपल्या. मी कॉलेजातून आलो तर आत्याबाई झाकलेल्या ताटाशेजारी बसलेल्या. "अहो आत्याबाई, तिला काय कळतं? जेवून घ्या," मी म्हणालो. "मालकीण झोपली हाये," त्या हळूच म्हणाल्या. "उठू द्या. तुमी बोलून उपेग नाही, तुमीबी भाडेकरूच."

तेराव्याच्या दिवशी माझ्या मोठ्या भावानं ठरवून टाकलं होतं, की परीक्षा संपल्या की मुलीला नाशिकला न्यायचं. तो आणि वहिनी तिथे असतात. त्यांचा मुलगा मोठा होऊन बाहेर शिकायला गेलेला, घर हवेशीर, वहिनींचा जीव मायाळू. "तू सकाळी सातला कॉलेजला जाणार. पोरीकडे बघणार कोण?" भावाचं बोलणं चुकीचं नव्हतं. मी नाही म्हटलं नाही. हो म्हटल्याचंही आठवत नाही. त्या दिवसांत लोक ठरवत आणि मी ऐकत असे. आत्याबाई त्या उन्हाळ्यापर्यंतच्या. त्यांचं शेत, मुलगा, सून सगळं डोणगावला होतं.

आता मुलीचे प्रताप सांगायला हवेत, कारण त्यांच्याशिवाय आत्याबाईंची कचेरी भरलीच नसती. मुलीच्या अंगात दिवसभर एक वावटळ असे. आई कुठे गेली ते तिला विचारता येत नव्हतं आणि आम्हाला सांगता येत नव्हतं, म्हणून असेल, पण ती घरातली प्रत्येक गोष्ट उघडून, उलटी करून, आत काय आहे ते पाही. पहिल्याच आठवड्यात ती उंबरठ्याला अडखळून पडली. आता मूल पडलं की आपण सगळेच जमिनीला एक चापट मारतो, "मुंगी मेली, मुंगी मेली" म्हणतो आणि विषय संपवतो. आत्याबाईंच्या दृष्टीनं तिथे विषय सुरू होई. मुलीला कडेवर घेऊन त्या उंबरठ्यापुढे उभ्या राहिल्या. "काऊन रे? लेकरू येऊन राह्यलं थे दिसलं नाही तुले? दिवसभर लोळून राह्यतं, अन् येवढं एक ध्यान ठेवता येत नाही?" उंबरठा गप्प. "पाहा, बोलते का? गुन्हा कबूल हाये त्याले." मुलगी रडायची थांबून उंबरठ्याकडे बघू लागली. मग त्याला शिक्षा झाली: दोन दिवस त्याच्यावर रांगोळी नाही.

त्यानंतर शिक्षांना सुमार राहिला नाही. मुलीनं ज्वारीच्या पिठाचा डबा ओढला आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन ती स्वयंपाकघरात भुतासारखी बसली. आत्याबाईंनी डबा आणि झाकण समोरासमोर ठेवून दोघांची जबानी घेतली. "यानं त्याले सोडलं, का त्यानं याले सोडलं? दोघंबी चोर. येगयेगळे ठेवा दोघाइले." डबा फडताळात आणि झाकण बाहेरच्या खोलीत, असा तो संसार मोडला, आणि पिठात मुंग्या झाल्या तेव्हाच पुन्हा जुळला. मुलीनं टीव्हीचा रिमोट वरणात टाकला. मला वाटलं, आता रिमोटचं काही खरं नाही. पण दोष वरणाचा निघाला. "येवढं पातळ राह्याची काय गरज होती? घट्ट असतं तं थो वरतेच राह्यला असता." त्या दिवसापासून आमच्याकडे वरण सुरीनं कापावं असं होऊ लागलं.

माझं एक जुनं, आता कुठे न मिळणारं इतिहासाचं पुस्तक होतं. मुलीनं त्याच्यावर खोबरेल तेलाची अख्खी बाटली ओतली आणि वरून दोन्ही हातांनी चोळलंही, कारण आत्याबाई तिला रोज तशीच चोळत. मी दारात उभा राहिलो. आत्याबाई मात्र पुस्तकावर कडाडल्या. "येवढं शिकलेलं तू! सारे राजे तुले पाठ! अन् तेल येऊन राह्यलं तं जरा बाजूले सरकता येत नाही?" त्याला गच्चीवर दोरीला टांगण्यात आलं. आजही त्या पुस्तकाचं एक पान वाचताना मागच्या पानावरची लढाई उलटी दिसते.

गच्ची म्हणजे आमचा तुरुंग. स्टूल वर गेलं, कपड्यांची टोपली गेली आणि शेवटी, मुलगी चढून पडली म्हणून, माझी वाचायची खुर्ची गेली. भिंतीकडे तोंड करून. मी जमिनीवर बसून पेपर तपासू लागलो. शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. ते आपल्या गच्चीवरून रोज आमच्या गच्चीची पाहणी करत. एकदा त्यांनी मला हाक मारली, "सर, ही खुर्ची अशी भिताडाकडं पाहून काऊन बसली?"

"शिक्षा आहे तिला."

"किती दिवसांची?"

"ते मालकीण ठरवते."

काकांनी मान डोलावली. "आमच्या डिपार्टमेंटात असंच होतं," ते म्हणाले.

एकदा न राहवून मी आत्याबाईंना म्हणालो, "असं केलं तर मुलगी मोठेपणी स्वतःची चूक कधी कबूल करायची नाही." शेवटी मी मास्तर. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. "तुमी शिकलेले, तुमाले ठाऊक," त्या म्हणाल्या. मूठभर शेंगा फोडून झाल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पर येवढ्याशा जीवाले लागलं की कोणाचं तरी नाव घ्या लागते, जवाईबुवा. आपण नाही घेतलं तं थे सोताचं घेते. मंग थे निंघत नाही."

त्या दिवसांत भेटायला येणारी माणसं असंच कोणाचं तरी नाव शोधत असत. कोणी डॉक्टरांचं घेई, कोणी हवेचं, कोणी ज्या तापानं ती गेली त्या तापाचं. आणि उठताना, आवाज खाली आणून, "सर, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जरा आधी नेलं असतं तर..." असं म्हणून काही जण माझं घेत. एका गृहस्थांनी चहाचा कप हातात धरून ते इतक्यांदा म्हटलं, की कोपऱ्यातल्या आत्याबाई कपाशी बोलू लागल्या. "काऊन रे कपा, चहा थंडा झाला, अन् तुह्यं तोंड आजून उघडंच? कायले बसला बे?" गृहस्थांनी चहा एका घोटात संपवला आणि चपला पायात न घालता हातात घेऊन गेले. घरातल्या फुटक्या बशीपासून कूलरपर्यंत सगळ्यांची चौकशी करणाऱ्या या बाईनं, तिची भाची कशानं गेली याची चौकशी मात्र कधी केली नाही. मला तर एका शब्दानं विचारलं नाही.

परीक्षा संपल्या. भाऊ आणि वहिनी आले. संध्याकाळच्या गाडीची तिकिटं होती. आत्याबाई सकाळपासून बोलल्या नव्हत्या. त्या माझ्या बायकोच्या माहेरच्या; जावयाच्या भावानं ठरवलेल्या गोष्टीत त्यांनी तोंड घालायचं नसतं, आणि हे त्या पुरत्या जाणून होत्या. दुपारी ताट वाढून घेतलं, पण मालकिणीपुढे धरलं नाही. तसंच झाकून ठेवलं. वहिनींनी मुलीचे फ्रॉक घडी करून बॅगेत भरले, दूध गरम करायला आत गेल्या आणि परत आल्या तर बॅग नाही.

"आत्याबाई, बॅग पाहिली का हो?"

"वरते हाये."

"वर? वर कशाला?"

"शिक्षेत हाये." आत्याबाई जमिनीकडे पाहत होत्या. "मालकिणीले न इचारता तिचे फ्रॉक पोटात भरून बसली. भल्या घरची बॅग असं करत नसते."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे. भाऊ स्वभावानं शांत, पण त्यालाही गाडीची घाई होती. "अरे, हे काय चाललंय? सत्तरीची बाई बॅगेशी भांडते, आणि तू बघत बसतोस. म्हणूनच म्हणतो, पोरीला इथे ठेवण्यात अर्थ नाही." तो बॅग आणायला जिन्याकडे वळला आणि तेवढ्यात आतल्या खोलीच्या दाराची खालची कडी सरकल्याचा आवाज आला.

कडी आतून लागली होती. मुलगी आत होती. खोलीत कूलर चालू होता, त्याची वायर जमिनीवरून गेलेली, आणि कूलरमध्ये ओतायची पाण्याची बादली तिथेच भरून ठेवलेली. भावानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे थांबले, आणि आत पाणी सांडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बाळा, कडी काढ! सरकव ती!" वहिनी ओरडल्या. आतून रडणं सुरू झालं. मी दारावर हात मारले. भावानं मारले. मग मी खांदा लावला. तीन-चार धडका दिल्या असतील. आणि एकाएकी आतलं रडणं थांबलं आणि आतूनही दारावर थापा पडू लागल्या. लहान, ओल्या तळहाताच्या. "हात्! हात् मेल्या! हात्!"

"थांबा!" आत्याबाईंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा माणसांवर चढला. "थांबा दोघंबी! तिले वाटून राह्यलं, तुमी दाराले शिक्षा करून राह्यले. थे तुमाले मदत करून राह्यली!"

माझा खांदा दारापासून वीतभर अंतरावर थांबला. आम्ही जितक्या जोरानं दार तोडत होतो, तितकी ती दाराला चिकटून उभी राहत होती. आणखी एक धडक बसती तर दार तिच्याच अंगावर गेलं असतं. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो.

आत्याबाईंनी आम्हाला मागे सारलं, दारापुढे मांडी घातली आणि पदर डोक्यावर घेतला. "मालकीणबाई," त्या म्हणाल्या, अगदी पहिल्या दिवशीच्या अदबीनं, "झाली त्याची शिक्षा. लय झाली. आता सोडा त्याले." आतल्या थापा थांबल्या. "मले भूक लागली व माय. आज सकाळपासून जेवली नाही मी. जेवू काय?"

वहिनींनी तोंडावर पदर धरला होता.

"तू हात ठेवल्याबिगर कशी जेवू?"

कडी खरखरली. अडकली. पुन्हा खरखरली. दार उघडलं आणि नखशिखान्त भिजलेली मालकीण हात पुढे करून बाहेर आली. पुढे ताट नव्हतं. आत्याबाईंनी आपला पंजा उताणा धरला. मुलीनं त्यावर हात ठेवला आणि काम उरकल्यासारखा काढून घेतला.

मग तिला मी दिसलो. मी खांदा धरून बसलो होतो आणि माझा चेहरा ओला होता. त्या सोमवारपासून मला रडू आलं नव्हतं. लोकांनी ते पाहून ठेवलं होतं, काहींनी बोलूनही दाखवलं होतं. ती जवळ आली, तिनं माझ्या गालाला बोट लावून पाहिलं. "बाबाले लागलं," तिनं सगळ्यांना सांगितलं. मग माझ्या बाजूच्या फरशीला एक चापट मारली. भिंतीला मारली. माझ्या चपलेला मारली. पण माझं रडणं थांबेना, तेव्हा ती गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली, की जिच्यामुळे बाबाला लागलं ती वस्तू या घरात आहे तरी कोणती.

मी तिला मांडीवर ओढून घेतलं. वहिनी भिंतीकडे वळल्या होत्या. भाऊ घड्याळाकडे पाहत होता, पण वेळ बघत नसावा.

"दादा," मी म्हणालो, "बॅग वरच राहू दे."

"नीट विचार केलास?"

"हो. ती माझ्याजवळ राहील."

त्यानं आतल्या खोलीत सांडलेलं पाणी पुसून काढलं. थोड्या वेळानं त्यानं मेन स्विच वर केला आणि कूलर पुन्हा सुरू झाला. वहिनी गच्चीवर गेल्या आणि सगळे फ्रॉक छातीशी धरून खाली घेऊन आल्या. बॅग मात्र त्यांनी आणली नाही. आत्याबाई स्वयंपाकघरात गार झालेलं जेवत होत्या आणि वरणाला सांगत होत्या, की आज तुह्यं काही चुकलं नाही.

पुढे मी कॉलेजात सांगून दुपारचे तास मागून घेतले. आत्याबाई उन्हाळ्यापर्यंत म्हणून आलेल्या, मुलगी शाळेत जाऊ लागेपर्यंत राहिल्या. नंतर त्यांच्या सुनेला दिवस गेले आणि त्या डोणगावला परतल्या. आता त्यांचे गुडघे एसटीच्या पायऱ्या चढत नाहीत आणि ऐकूही कमी येतं. फोनवर त्याच बोलतात, आम्ही ऐकतो. आम्ही दिवाळीत आणि उन्हाळ्यात जाऊन येतो.

मुलगी आता सहा वर्षांची आहे. पडली तर उठते, गुडघा झटकते आणि पुढे जाते. घरात आम्ही दोघं आहोत. आई कशी होती, असं ती कधी कधी विचारते, आणि मला आठवतं तेवढं मी तिला सांगतो.